आधी लॉफ्ट विचारा
गोल्फ क्लबचं फिटिंग (आपल्याला जुळणारा क्लब मापून निवडणं) फुकट असलं की सल्ला विक्रीचाच असतो हे तुमचं म्हणणं पटलं, कारण सोलापूरहून पहाटेची गाडी पकडून पुण्याला फिटिंगला गेलो तेव्हा माझ्यासोबत हेच झालं. स्क्रीनवर नवीन सेव्हन आयर्न (सात नंबरचा क्लब) माझ्या जुन्यापेक्षा १५ यार्ड लांब, अन् दुकानातला पोरगा लगेच, सर ऑफर आजच्यापुरतीच आहे! लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन, किती विचारलं तर २९ डिग्री, माझ्या जुन्याचा ३४, म्हणजे नावाला सात पण जुन्या हिशोबाने सहा नंबरच की, लॉफ्ट कमी म्हणून बॉल लांब जाणारच. हे त्याने स्वतःहून सांगायला पाहिजे होतं, त्याचाच राग आला मला. लाय अँगल (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन), ग्रिपची जाडी याला तर हातच लावला नाही. आधी आपल्या जुन्या क्लबने, नव्यासाठी वापरणार तोच बॉल मारून आकडे लिहून घ्या, अन् त्या दिवशी पैसे देऊच नका.