स्त्री-अभ्यासाची आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यात: दोनापावलाच्या हॉटेलात की फोंड्याच्या कॉलेजात?

फोंडेकरीण

पुढच्या वर्षी गोव्यात स्त्री-अभ्यासाची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायचं घाटतंय. मी आयोजन समितीत आहे, फोंड्याकडच्या एका कॉलेजात शिकवते. याहून जास्त ओळख सांगत नाही, उगाच मीटिंगमध्ये डोळे वटारले जायचे. तीन दिवस, सहाशेच्या आसपास माणसं. समितीतल्या बहुतेकांना पणजीजवळच्या दोनापावलाच्या बाजूचं एखादं मोठं हॉटेल हवंय, सगळं कामकाज इंग्रजीत, आणि दुसऱ्या रात्री लॉनवर 'सांस्कृतिक संध्या'. मला हे पटत नाही. का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी एका राष्ट्रीय परिसंवादात मी स्वयंसेवक होते. विषय ग्रामीण स्त्रीचा आवाज. धालो, म्हणजे गावातल्या बायकांचा पौषातला गाण्या-नाचाचा सण, सादर करायला डिचोलीकडच्या एका वाड्यावरच्या चौदा बायकांना साडेसहाला बोलावलं होतं. बीजभाषण लांबलं, मग प्रश्नोत्तरं लांबली. त्या बायका नववारी नेसून, अबोलीचे वळेसर माळून बाहेरच्या पॅसेजमध्ये फरशीवर बसून. आत बोलणं त्यांच्याबद्दलच चाललेलं. एकीने दारातून डोकावून पाहिलं तर तिला बाजूला केलं, गळ्यात बॅज नव्हता म्हणून. पावणेनऊला दहा मिनिटं मिळाली. तोवर शेवटची बस गेलेली, आणि परतीच्या गाडीचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मी भावाला फोन करून त्याची पिकअप मागवली. मागे दाटीवाटीने बसून चौदाजणी गेल्या. चढता चढता एक म्हणाली, "बाय, धालो पुसांत आसतात गे. तुमी आमकां चैतांत कित्याक आपयलें?" धालो पौषात असतात, आम्हाला चैत्रात का बोलावलं, असं.

तेव्हा ठरवलं, पुन्हा कधी आयोजनात असले तर हे होऊ द्यायचं नाही. परिषद कॉलेजात घ्यावी. कोकणी, मराठी, हिंदीत पेपर वाचायची सोय असावी. मासे विकणाऱ्या, मुंडकारांच्या (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर असलेल्यांच्या) घरातल्या बायका व्यासपीठावर वक्त्या म्हणून याव्यात, मानधन घेऊन. आणि पाळणाघर हवं. आता फोडून काढा.

मांडवीपार

भावना पोचल्या. आता हिशेब. सहाशेतले चारशेजण पेपर वाचणार धरा. दीड तासाच्या सत्रात चार पेपर बसतात, म्हणजे शंभर सत्रं. उद्घाटन, बीजभाषणं, समारोप वगळता दिवसाला तीन वेळा हाताशी राहतात, तीन दिवसांत नऊ. म्हणजे एकाच वेळी अकरा-बारा खोल्या, प्रत्येकीत प्रोजेक्टर, माईक आणि न जाणारी वीज. शिवाय सहाशे माणसं बसतील असं एक सभागृह. कुठल्या कॉलेजात आहे हे, सांगा. राहायचं कुठे? पणजीहून फोंडा तीस किलोमीटर, रोज सकाळी बारा बसगाड्या सोडणार?

मी दोन परिषदांची व्यवस्था पाहिली आहे. पाहुणा काय बोलला ते दुसऱ्या दिवशी विसरतो. शौचालयात पाणी नव्हतं ते दहा वर्षं सांगत फिरतो.

चहा_बिनसाखर

हॉटेल की कॉलेज हा वादच लुटुपुटूचा. खरं कारण कुणी बोलत नाही, मी बोलतो. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्राध्यापकाने राष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला तर ३ गुण, देशातल्याच आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, परदेशात ७. म्हणून दोन परदेशी पाहुणे ऑनलाइन आणले की जिल्हा पातळीचा परिसंवाद आंतरराष्ट्रीय होतो. लोक सकाळी पेपर वाचतात, दुपारी प्रमाणपत्र घेतात, संध्याकाळी कळंगुटला. तुमच्या सहाशेतले चारशे गोव्यासाठी येणार, स्त्री-अभ्यासासाठी नव्हे. परिषद जूनमध्ये ठेवून बघा, धो धो पावसात किती येतात ते.

फोंडेकरीण

@चहा_बिनसाखर जूनची कल्पना मी खरंच मांडली होती. हॉटेलांचे दर उतरलेले असतात, नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, मग डिसेंबरची गर्दी, तेव्हा खोल्यांना हात लावता येत नाही. समितीत सगळे हसले.

@मांडवीपार हिशेब बरोबर. पण २०१४ च्या ऑगस्टमध्ये विमेन्स वर्ल्ड्स काँग्रेस झाली ती हैदराबाद विद्यापीठात. स्त्री-अभ्यासाची ही परिषद १९८१ ला इस्रायलमधल्या हैफात सुरू झाली, जगभर फिरते. म्हणजे पावसाळ्यात, विद्यापीठात, जमतं. आपलं विद्यापीठही ताळगावच्या पठारावर आहेच की.

मांडवीपार

हैदराबादचं आवार केवढं, आपलं केवढं. आणि लांब ठेवल्याचं उदाहरण मीही देतो. बीजिंग, १९९५, संयुक्त राष्ट्रांची महिला परिषद. सरकारांची परिषद शहरात आणि बिगरसरकारी संघटनांचा मेळावा पन्नासेक किलोमीटरवर हुआईरौला. पाऊस, चिखल, तंबू. हजारो बायका व्हिसा आणि बस यांच्यातच दमल्या. निर्णय शहरात, आवाज गावात. तुम्ही फोंड्याला नेलंत तर तेच होईल. मंत्री, कुलगुरू, पत्रकार पणजीतच थांबतील.

सही_झाली_का

मी वकिली करते, दोघांनाही एक आठवण. बाहेरच्या अभ्यासक गोव्याकडे कशासाठी बघतात? समुद्रकिनाऱ्याइतकंच आपल्या पोर्तुगीज नागरी कायद्यासाठी. १८६७ चा कायदा, इथे १८७० पासून. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. मुलींना मुलांइतका वाटा, आणि मालमत्तेचा निम्मा भाग मृत्युपत्र करूनही मुलांकडून काढून घेता येत नाही. दिल्लीची प्रत्येक पाहुणी हे ऐकून वही काढते.

पण त्याच व्यवस्थेत १८८० च्या हुकूमनाम्यात हिंदूंच्या रूढींसाठी वेगळी सवलत होती. बायको तीस वर्षांची होईपर्यंत मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा. हे वापरलेलं एकही प्रकरण माझ्याकडे आलेलं नाही, पण 'गोव्यात समान कायदा' म्हणून टाळ्या पिटताना ते वाचलेलं बरं.

आणि कायदा कागदावर कितीही बरा असो, माझ्या टेबलासमोर काय होतं ते सांगते. वडील वारले की चतुर्थीला भाऊ येतो, हातात नेवऱ्यांचा डबा. पंधरा दिवसांनी नोटरीकडे हक्क सोडल्याचा दस्त. बहीण विचारते, "वकीलबाई, सही केली नाही तर माहेर तुटेल का?" मी काय सांगू? याचं उत्तर कायद्यात नाही, म्हणून या बायका परिषदेत बोलायला हव्यात. कॉलेज की हॉटेल याच्याशी मला देणंघेणं नाही.

सांखळीचा_मास्तर

भाषेवर कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. बाई म्हणतात कोकणी, मराठी, हिंदी. उत्तम. पण फलकावर कोकणी वर की मराठी वर? १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी देवनागरीत राजभाषा झाली, मराठीला सरकारी वापराची मुभा राहिली, आणि भांडण आजही चालूच. रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीवाले आपला फलक मागतील ते वेगळंच. तुमची परिषद स्त्रियांची राहणार नाही, लिपीची होईल. इंग्रजीचा एक फायदा असतो, ती सगळ्यांनाच सारखी परकी.

फोंडेकरीण

मास्तर, नाही पटलं. इंग्रजी सगळ्यांना सारखी परकी नसते. ज्यांना परकी नाही तेच आयोजन समितीत बसतात. फलकाचं भांडण होऊ दे, एक दिवस होईल.

खर्चाचं मात्र खरं आहे. एका भाषेच्या काचेच्या बूथमध्ये दोन दुभाषे लागतात, वीस-तीस मिनिटांनी एकमेकांना विसावा द्यायला. वर सगळ्यांच्या कानाला यंत्रं. बारा खोल्यांत हे परवडणार नाही. माझा विचार असा की दोनच खोल्या बहुभाषिक ठेवाव्यात आणि तिथे एमएच्या मुली शेजारी बसून कानात हळू भाषांतर करतील. त्यांना त्याचे पैसे द्यायचे. फुकटात मुलींकडून काम करून घेऊन वर स्त्रीश्रमावर परिषद भरवायला मला जमणार नाही.

पेडणेवाली

माझी आई मांद्र्याच्या बाजारात मासे विकते. म्हणून मला बोलायचा हक्क आहे असं समजते.

फोंडेकरीण ताई, तुमचा हेतू चांगला. पण माझ्या आईला व्यासपीठावर बोलावू नका. ती पहाटे चारला उठते. एक दिवस बाजारात बसली नाही तर नुसती कमाई बुडत नाही, गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं आणि परत येत नाही. तुमचं मानधन त्या दिवसाचं भरून काढेल, गिऱ्हाईकाचं नाही. आणि ती काय बोलणार? तुम्हाला ऐकायचं असतं ते दुःख. तिला बोलायचंय बर्फाच्या भावाबद्दल आणि बाजारात पाणी नसण्याबद्दल. तुम्ही 'अनुभवकथन' असं सत्राचं नाव ठेवणार, प्राध्यापकांच्या सत्राला 'सैद्धान्तिक मांडणी' म्हणणार. तिचं आयुष्य तो अनुभव, तुमचं मत तो सिद्धांत. यापेक्षा हॉटेल परवडलं, तिथे निदान ढोंग नसतं.

मी समाजशास्त्रात एमए केलंय. मला बोलवा, पेपर वाचीन. सोमवारी बाजार थंड असतो, वाटलं तर आईला ऐकायला घेऊन येईन, तिची इच्छा असेल तर.

चहा_बिनसाखर

वा. पहिल्यांदा या धाग्यावर कुणीतरी खरं बोललं.

हैदराबादहून

गोव्याची नाही, पण आयोजनात भाजून निघालेली आहे, म्हणून दोन शब्द. तुम्ही जागेवर भांडताय, व्हिसा कुणीच पाहिला नाही. परिषदेला येणाऱ्याला टुरिस्ट व्हिसा चालत नाही, परिषदेचा वेगळा लागतो. त्याला तुमचं निमंत्रणपत्र आणि दिल्लीच्या मंजुरीचे कागद लागतात. त्याला महिने जातात. पाकिस्तानी अभ्यासकांना तर ई-व्हिसा नाहीच. दक्षिण आशियातल्या स्त्रियांबद्दल बोलायचं असेल तर एक खोली पूर्ण ऑनलाइन ठेवा, इंटरनेट मात्र दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं घ्या.

आणि तक्रार समिती. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची ते पहिल्या दिवशी फलकावर लावा, फोन नंबरासह. स्त्री-अभ्यासाच्या परिषदेत असं होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी जेवणानंतरचे तास आठवावेत.

फोंडेकरीण

@पेडणेवाली तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. 'अनुभवकथन' हा शब्द माझ्याच टिपणात होता, काल काढला. तुमचा गोषवारा पाठवाल का? मुदत अजून ठरलेली नाही, पण तुमचा आला की वाचेनच.

@हैदराबादहून तक्रार समितीचं आज मीटिंगमध्ये मांडलं. एक सर म्हणाले, "आपल्यात असं होत नाही." इतिवृत्तात ते शब्द जसेच्या तसे घालायला लावले.

हॉटेल की कॉलेज अजून ठरलं नाही. बहुधा पहिला दिवस पणजीत आणि दोन दिवस विद्यापीठात असं काहीतरी निघेल. धालोचं मात्र मी अडवून धरलंय. लॉनवर होणार नाहीत. पौषात परिषद ठेवली तर पाहुण्यांना मांडावर, म्हणजे वाड्यावरच्या धालोंच्या ठरलेल्या जागी नेऊ, त्या बायकांच्या सोयीने.

सांखळीचा_मास्तर

मांडावर पुरुष पाहुणे नेणार? वाड्यावरच्या बायकांना विचारलंत का?

फोंडेकरीण

नाही विचारलं. रविवारी जाते.