अनुभव धागा: देवाशी तुमचं बोलणं कसं सुरू झालं? (ख्रिस्ती घरांतले किस्से)

नगरची_लेक
भावाने परवा पप्पांची जुनी कॅसेट मोबाईलवर करून पाठवली. नाताळच्या आदल्या रात्रीची कुटुंबप्रार्थना. मागे कुकरच्या शिट्ट्या, आजीचा खोकला, आणि मध्येच पप्पांचा आवाज: "आणि बापा, आईच्या पेन्शनचं तेवढं बघ. मी आता परत आठवण करणार नाही." हसता हसता रडू आलं.

चर्चमध्ये आमच्याकडे प्रार्थना म्हणजे "हे सर्वसमर्थ, सनातन देवा". पाळकसाहेबांचं मराठी ऐकून लहानपणी वाटायचं, देव मामलेदार कचेरीतल्या साहेबासारखा असणार, अर्ज नीट लिहिला नाही तर परत पाठवेल. पप्पा मात्र पेटी पुढे ओढून ना. वा. टिळकांचा (ख्रिस्ती कवी, लोकमान्य नव्हेत) अभंग धरायचे आणि अभंग संपला की त्याच सुरात देवाशी बोलायला लागायचे. तक्रारी, हिशोब, शेजाऱ्यांच्या चहाड्यासुद्धा. मैत्रिणी घरी असल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला तेव्हा दहा आज्ञा पाठ, प्रेषितांचा विश्वासांगीकार (आमच्या श्रद्धेची कबुली) घडाघडा, दृढीकरणाला (मोठेपणी बाप्तिस्मा पक्का करतात तो विधी) सगळी उत्तरं बरोबर. स्वतःहून देवाला एक वाक्य बोलले असेन तर शपथ.

मग पुण्यात एक मुलाखत सपशेल आपटली. शिवाजीनगरहून नगरची एसटी पकडली. रांजणगावच्या पुढे कधीतरी लक्षात आलं, मी खिडकीकडे तोंड करून पुटपुटतेय: "द्यायची नव्हती तर बोलावलंस कशाला रे?" शेजारच्या आजी म्हणाल्या, "कुणाला बोलती गं?" म्हटलं, देवाला. "मंग बोल बोल," म्हणाल्या आणि पिशवीतले शेंगदाणे ओंजळीत दिले.

चमत्कार वगैरे काही नाही. नोकरी पुढे भलतीकडेच लागली. पण ते अरे-तुरे तेव्हापासून चालू आहे.

तुमचं सांगा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल, कुणीही. चर्चला न जाणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

स्वाती_डों
किती छान! दूध गॅसवर आहे, येते.

वसईचा_केळीवाला
आमच्याकडे देवाशी थेट कोण बोलतंय. मरियामाऊलीला सांगायचं, पुढचं ती बघेल. संध्याकाळी वाडीतल्या क्रुसापाशी रोझरी, म्हणजे आमची जपमाळ. पन्नास 'नमो मरिया', अर्ध्यात मी झोपलेला, मोठी बहीण चिमटे काढायला टपलेली.

आई बागेला पाणी लावतानाही रोझरी करायची. हातात चिखल, म्हणून मणी नाहीत, बोटांच्या पेरांवर. मध्येच "मोटर बंद कर रे!" आणि जिथे सोडलं तिथून पुढे. मी कॉलेजात गेल्यावर शहाणा झालो आणि फादरना विचारलं, हे असं यंत्रासारखं म्हणून काय होतं? ते म्हणाले, मला काय विचारतोस, आईला विचार. विचारलं. ती म्हणाली, "तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही."

हाक मारायची नाही आणि मोटरसाठी स्वतः ओरडायचं, हे कसं चालतं ते विचारायची हिंमत झाली नाही.

एक_पुणेकर
"चर्चला न जाणाऱ्यांनी" म्हटलंत म्हणून लिहितो ताई. कॉलेजात मित्राने एका संगतीला (प्रार्थनासभेला) नेलं होतं. ड्रम, टाळ्या, रडणं, 'अन्य भाषा' (आत्म्याच्या भरात अनोळखी शब्द बोलणं). आजूबाजूला सगळ्यांना पवित्र आत्म्याचा स्पर्श होतोय आणि मी घड्याळ बघतोय. वर साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं केलं. साक्षीत "मला काही झालं नाही" असं कोणी सांगतं का? "प्रभू चांगला आहे" म्हणालो आणि बसलो. परत गेलो नाही.

बऱ्याच काळाने बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान वाचायला घेतलं. सोळाच अध्याय, एका दुपारी संपतं. 9व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येतो. येशू त्याला म्हणतो, विश्वास ठेवणाऱ्याला सगळं शक्य आहे. त्यावर तो बाप ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही! तो माणूस आपला वाटला. आणि येशू त्याला "आधी विश्वास पक्का करून ये" म्हणत नाही, मुलाला बरं करतो. मला तेवढी एकच प्रार्थना येते. लोकलमध्ये, लिफ्टमध्ये, अप्रेझलच्या आधी.

मिरजेची_सिस्टर
पुणेकर दादा, घड्याळ तर आम्हीपण बघायचो, ड्युटी असायची!
नर्सिंगला होते तेव्हाचं. रात्रपाळीला वॉर्डात शिरताना दारात उभं राहून एक ओळ म्हणायची सवय लागली, "आज रात्री कोणी जाऊ नये." इतकंच. मोठ्याने. एक चाचा होते खाटेवर, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तुमच्यावाल्याला सांगा, मी माझ्यावाल्याला सांगतो, दोघांनी मिळून बघतील." निवृत्त झाले तरी झोपताना तीच ओळ येते तोंडात. मिस्टर म्हणतात, घरात आपण दोघंच आहोत, कोण जाणार आहे.

माळकरी
मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. पण हे देवाशी भांडण, हे अरे-तुरे, हे तर तुकोबांचंच की! आमचे आजोबा विठ्ठलाला शिव्या घालून मग नैवेद्य दाखवायचे.

जुनी_पुस्तकं
आगाऊपणा कसला माळकरी. ना. वा. टिळक स्वतःच सांगायचे की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. म्हणून तर आमच्या उपासनेत अभंग आहेत, ख्रिस्ती कीर्तनं आहेत.

मला मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त जवळच्या. 1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळलं. नवरा गेला त्या वाटेने त्या लगेच गेल्या नाहीत. वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, पण त्या आल्या नवऱ्याकडे, त्याच्या देवाकडे नव्हे. तिकडे त्या स्वतःला पटलं तेव्हा, आपल्या पायांनी गेल्या. आणि टिळक 1919 ला गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य याच बाईंनी पुरं केलं. आमच्या संडे स्कूलमध्ये टिळकांचा फोटो होता, बाईंचा नव्हता. का ते मला अजून कळलेलं नाही.

वसईचा_केळीवाला
@माळकरी शिव्या कुठल्या घालायचे ते पण लिहा की

माळकरी
ॲडमिन उडवतील.

स्वाती_डों
दूध गेलंच. असो.
आमचा धाकटा रात्री प्रार्थना करतो: "प्रभू येशू, मम्मीला आशीर्वाद दे, पप्पांना दे, शेरूला दे, समोरच्या आर्यनला नको." मी म्हटलं, बाळा, येशूने काय शिकवलंय, शत्रूवर प्रीती करा. बराच विचार करून म्हणाला, "बरं, त्याला थोडा दे."

केडगावची_पणती
माझी पणजी 1897 च्या आसपास दुष्काळातून आलेली, मध्यप्रांतातून. पंडिता रमाबाईंनी तेव्हा ज्या मुली आणल्या त्यांतली. त्यांच्या केडगावच्या आश्रमात, मुक्ती मिशनमध्ये वाढली. आजीकडून ऐकलेलं सांगते. 1905 ला तिथे मोठं आध्यात्मिक जागरण झालं, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायच्या, प्रत्येकीची आपापली. पाहुणे घाबरायचे म्हणे. आजीने पणजीला विचारलं, तू त्यात काय म्हणायचीस? "गावाकडच्यांची नावं." म्हणजे दुष्काळात मागे राहिलेल्यांची. एकेक नाव घ्यायची, बाकी काही नाही. मेलेत की जगलेत हेही तिला माहीत नव्हतं.

रमाबाईंनी पुढे हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल केलं, ते मिशनमधल्या बायकांनीच छापलं. पणजी त्या छापखान्यात खिळे (छपाईची अक्षरं) जुळवायची. रमाबाई 1922 ला गेल्या, बायबल 1924 ला आलं. त्याची प्रत चुलत्यांकडे आहे. मागितली की "बघू" म्हणतात. तो वेगळा धागा काढावा लागेल.

सध्या_गप्प
मी उलटं लिहिते, बोलणं बंद झाल्याचं. मिस्टर गेले तेव्हा घरी रोज कोणीतरी यायचं आणि बायबलमधलं 23वं स्तोत्र वाचायचं. त्यात आहे, "मला काही उणे पडणार नाही." उणं पडलं होतं हो. समोर रिकामी खुर्ची होती. पण म्हणणार कुणाला, चहा ठेवायचे. चर्चला जात होते, गाणी म्हणत होते, आतून सगळं बंद. देवाला नुसतं नमस्कारापुरतं ओळखायचे.

एकदा स्तोत्रसंहिता चाळताना 88वं समोर आलं. बाकीच्या रडण्याच्या स्तोत्रांना बहुतेक शेवटी वळण असतं, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे. याला नाही. देवा, तू माझे मित्र माझ्यापासून दूर केलेस, आणि अंधार. तिथेच संपतं. कोणीतरी हे देवाला तोंडावर म्हटलं आणि ते शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही! म्हटलं, मग आपणही म्हणावं. बरेच दिवस तेच वाचत होते. आता अधूनमधून बोलते, रागानेच जास्त. गोड बोलणं काही परत आलेलं नाही.

नगरची_लेक
ताई... काय लिहू. वाचतेय एवढंच.

मिरजेची_सिस्टर
माझी बहीणही अशीच गप्प होती गं. तिला आम्ही फार उपदेश केले. करायला नको होते. फोन करावासा वाटला तर कळव.

एक_पुणेकर
88वं आत्ता वाचलं. हे कुठल्या चर्चमध्ये वाचल्याचं कधी ऐकलं नाही. वाचायला पाहिजे.

स्वाती_डों
नगरची लेक, ते पेन्शन मिळालं का पण?

नगरची_लेक
मिळालं. आणि परत आठवण करणार नाही म्हणाले तरी पप्पा रोज करायचे. देव कंटाळला असेल.

जुनी_पुस्तकं
पेटी आहे का अजून?

नगरची_लेक
भावाकडे. भाता फाटलाय. नगरमध्ये पेटी दुरुस्त करणारं कोणी माहितीय का?

वसईचा_केळीवाला
नगरवरून आठवलं, हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामाऊलीच्या) यात्रेला सप्टेंबरात कोण येतंय? आईचा नवस राहिलाय. श्रीरामपूरपासून पुढे गर्दीत गाडी कुठे लावायची ते कुणी जाऊन आलेल्यांनी सांगा.

केडगावची_पणती
लांबच लावा आणि चाला. आम्ही जवळ न्यायला गेलो होतो, अंधार पडेपर्यंत तिथेच अडकलो. पाणी बरोबर ठेवा, आईंना खुर्ची पण.