मदत हवी आहे: आरआरडी-१ जीन परत घातलं तरी यीस्ट रापामायसिनला (यीस्टची वाढ रोखणारं औषध) दाद देत नाही

यीस्टवेडा: आरआरडी-१ काढलेला स्ट्रेन रापामायसिनवर वाढतो, ते अपेक्षितच. पण प्लाझ्मिडवरून (पेशीत घातलेलं डीएनएचं छोटं वर्तुळ) जीन परत दिलं तरी तसाच वाढतोय. वाइल्ड टाइप (जीन न काढलेला मूळ स्ट्रेन) मरतो. शुक्रवारी लॅब मीटिंग आहे, लवकर सांगा.

कंट्रोलप्लेट: स्ट्रेन, प्लाझ्मिड, प्रमोटर (जीन चालू करणारा भाग), मीडियम, डोस? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

यीस्टवेडा: स्ट्रेन बीवाय४७४१, आरआरडी-१ च्या जागी जी४१८ या अँटिबायोटिकला रेझिस्टन्स देणारी कॅनएमएक्स कॅसेट. प्लाझ्मिड पीआरएस३१६ (त्यावर युरासिल बनवायला लागणारं जीन असतं), जीनचाच प्रमोटर. मीडियम वायपीडी.

खमीरकाका: वायपीडी! अहो, त्यात युरासिल आयतं मिळतं, मग पेशी प्लाझ्मिड कशाला सांभाळेल? युरासिल वगळलेल्या एससीवर (घटक मोजून बनवलेलं मीडियम) करा, विषय संपला.

क्रिस्परप्रेमी: प्लाझ्मिडची भानगडच नको. जीन मूळ जागी बसवा.

कंट्रोलप्लेट: काका, तेवढ्याने भागत नाही. सेंट्रोमियरवालं प्लाझ्मिड दर पिढीला थोड्याच पेशींतून गळतं. फक्त गळतीच असती तर प्लेटवरच्या पहिल्या, जास्त पेशींच्या एकदोन ठिपक्यांत वाढ दिसून पुढचे ठिपके कोरे राहिले असते. तुमचे कुठपर्यंत दिसतात? आणि डोस राहिलाच.

यीस्टवेडा: दहा-दहापट डायल्यूशन, शेवटच्या ठिपक्यापर्यंत दाट. १०० नॅनोमोलर.

खमीरकाका: तरी एससीवर बघाच. आरआरडी-१ मुख्यतः सिट-४ बरोबर असतं, त्याचं भावंड आरआरडी-२ पीपी२ए बरोबर (सिट-४ आणि पीपी२ए ही फॉस्फेटेज एन्झाइम्स). आरआरडी-२ पण तपासा.

कंट्रोलप्लेट: आरआरडी-२ चा इथे काय संबंध? १०० नॅनोमोलर म्हणजे मिलिलिटरला सुमारे ९१ नॅनोग्रॅम, आणि तरीही एवढी दाट वाढ. मला एफपीआर-१ जीनवर संशय आहे. रापामायसिन आधी त्याच्या प्रथिनाला चिकटतं, मग ती जोडी पेशीची वाढ चालवणाऱ्या टॉर प्रथिनाला धरते. एफपीआर-१ बिघडलं की औषध निकामी, आरआरडी-१ असो वा नसो. ट्रान्सफॉर्मेशनला (प्लाझ्मिड पेशीत घालायला) कॉलनी कुठली घेतलीत?

यीस्टवेडा: रापामायसिन प्लेटवरची, सर्वांत मोठी.

कंट्रोलप्लेट: मग नको तो म्युटंट तिथेच निवडला गेला असणार. एफपीआर-१ चं कोडिंग जेमतेम ३४५ बेसचं आहे, सिक्वेन्सिंगच्या एका सँगर रीडमध्ये मावतं. दरम्यान बीवाय४७४२ शी (विरुद्ध मेटिंग टाइपचा स्ट्रेन) क्रॉस करा. त्यातून आलेला डिप्लॉइड (दोन्ही स्ट्रेनची जीन्स असलेला) रापामायसिनवर मेला तर दोष रिसेसिव्ह (चांगल्या प्रतीपुढे झाकला जाणारा), म्हणजे बहुधा एफपीआर-१; वाढला तर टॉर-१ मधलं डॉमिनंट म्युटेशन, १९७२ व्या जागेवरचं सेरीन अमिनो आम्ल आधी बघा. टेट्रॅडमध्ये (डिप्लॉइडपासून बनणारे चार स्पोअर) जी४१८ चा रेझिस्टन्स आणि रापामायसिनचा रेझिस्टन्स एकत्र जात नसेल तर दोष आरआरडी-१ चा नाही. एफपीआर-१ १४व्या क्रोमोसोमवर आहे, आरआरडी-१ ९व्यावर, म्हणून ती स्वतंत्रपणे वाटली जातात.

मळणी: माझं पावाचं पीठ फुगत नाहीये, कोणतं ड्राय यीस्ट घेऊ?

क्रिस्परप्रेमी: पाककृती विभागात विचारा ताई.

खमीरकाका: जी४१८ एससीमध्ये घालणार असाल तर अमोनियम सल्फेट काढून लिटरला १ ग्रॅम मोनोसोडियम ग्लुटामेट घाला, नाहीतर जी४१८ नीट काम करत नाही. प्लाझ्मिडबद्दल माझं मत कायम आहे.

यीस्टवेडा: शुक्रवारपर्यंत टेट्रॅड होणार नाहीत. सिक्वेन्सिंगला आज देतो.

कंट्रोलप्लेट: द्या. आणि रापामायसिन कधीच न पाहिलेला, उणे ८० अंशांवर गोठवलेला स्टॉक काढून त्यातच प्लाझ्मिड घाला, तुलनेला रिकामं पीआरएस३१६ शेजारी ठेवून.