मदत हवी आहे : सरकारी प्रकल्पाच्या धुराबाबतच्या तडजोडीत आमचे म्हणणे कोठे मांडावे?

सप्रेम नमस्कार. जळगाव जिल्ह्यात तापीकाठी आमची केळीची बाग असून शेजारच्या एका सरकारी प्रकल्पाच्या धुराड्यातून पडणारी काजळी गेली दोन वर्षे पानांवर साचते आहे. वृद्ध आईला तर पहाटे ओट्यावर बसणेही कठीण झाले आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८१ च्या हवा कायद्याखाली नोटीस दिल्यानंतर आता भरपाई भरून व बँक हमी देऊन प्रकरण मिटवले जाणार असल्याचे समजते. एका सरकारी खात्याने दुसऱ्याकडे पैसे भरायचे आणि धूर सोसणाऱ्यांना कोणी विचारायचेही नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे, २०१० च्या कायद्यातील कलम १५ नुसार, नुकसानभरपाई मागण्यास पाच वर्षांची मुदत असते, असे मी वाचले आहे. मंडळाशी तडजोड झाल्यावरही आम्हांला तेथे दाद मागता येते का? धूळ रोखणारी यंत्रणा बसवण्याची तारीख आदेशात बंधनकारक व्हावी, यासाठी हरकत कोणाकडे नोंदवावी? धुराच्या मोजणीचे अहवाल माहिती अधिकारातून कोणी मिळवले असल्यास अर्जाचा मसुदा कृपया पाठवावा.