मदत हवी: एलव्हीएसमध्ये नेट जुळतात, पण दोन ट्रान्झिस्टरची रुंदी लेआउटमध्ये चौपट दिसते

नमस्कार मंडळी,

स्कायवॉटर १३० च्या ओपन पीडीकेवर (चिप डिझाइनसाठी फाउंड्रीच्या प्रोसेसचा फाइलसंच) दोन स्टेजचा ऑपअँप (अ‍ॅम्प्लिफायर) करतोय. स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) एक्सस्कीममध्ये, लेआउट (चिपवरचा प्रत्यक्ष नकाशा) मॅजिकमध्ये, एलव्हीएस (हे दोन्ही जुळतात का ही तपासणी) नेटजेनने. डीआरसी (लेआउटच्या नियमांची तपासणी) स्वच्छ आहे. एलव्हीएसमध्ये 'सर्किट्स मॅच युनिकली' येतं आणि लगेच त्याच्याखाली 'प्रॉपर्टी एरर्स वर फाउंड'. तक्रार दोनच डिव्हाइसची आहे (सर्किट १ म्हणजे लेआउट, सर्किट २ म्हणजे स्कीमॅटिकची बाजू; डब्ल्यू म्हणजे रुंदी मायक्रॉनमध्ये, डेल्टा म्हणजे दोघांच्या सरासरीच्या तुलनेत फरक):

टेल एनफेट (इनपुट जोडीला करंट देणारा ट्रान्झिस्टर): डब्ल्यू, सर्किट १: ३२, सर्किट २: ८, डेल्टा १२०%, कटऑफ १%
बायस मिररचा (करंटची प्रत काढणाऱ्या सर्किटचा) आउटपुट एनफेट: डब्ल्यू, सर्किट १: ८, सर्किट २: २, डेल्टा १२०%, कटऑफ १%

टेलला स्कीमॅटिकमध्ये डब्ल्यू ८, एनएफ (फिंगरची, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या समांतर पट्ट्यांची संख्या) ४ आहे. मॅजिकच्या जनरेटरमध्येही विड्थ ८, फिंगर ४ असंच भरलंय. मिररमध्ये १० मायक्रोअँपचे ४० करायचे आहेत, म्हणून रुंदी २ चे चार वेगळे ट्रान्झिस्टर काढलेत. बायस ब्लॉकची नेटलिस्ट (डिव्हाइस आणि त्यांच्या जोडण्यांची मजकुरातली यादी) मित्राने हाताने लिहून दिलीय, त्यात डब्ल्यू २, मल्ट ४ आहे. सिम्युलेशन मात्र एक्सस्कीममधून केलं होतं, तिथे ४० मायक्रोअँप नीट येतात.

दोन्हीकडे बरोबर चौपट, म्हणजे नेटजेन फिंगर पुन्हा मोजतंय असं वाटतं. लेआउटमधल्या दोन्ही रुंद्या चारने भागू का? की नेटजेनच्या सेटअप फाइलमधला टॉलरन्स (किती फरक चालेल ती मर्यादा) वाढवू? टेपआउटची (डिझाइन बनवायला पाठवण्याची) तारीख डोक्यावर आहे.

प्रतिसाद १

टॉलरन्सला हात लावू नका. १२०% फरक गिळेल एवढा टॉलरन्स ठेवला तर मग एलव्हीएस चालवायचंच कशाला?

एक्सस्कीमच्या एनफेट सिम्बॉलमध्ये डब्ल्यू ही सगळ्या फिंगरची मिळून रुंदी असते. सिम्बॉलमधलं ड्रेनच्या क्षेत्रफळाचं सूत्र बघा, त्यात डब्ल्यूला एनएफने भागलेलं दिसेल. मॅजिकच्या जनरेटरमधली विड्थ एका फिंगरची. तुम्ही चार फिंगर ८ मायक्रॉनचे काढलेत, म्हणजे ३२. विड्थ २ करा, फिंगर ४ राहू द्या.

प्रतिसाद २

टेलचं वरचं उत्तर बरोबर आहे, पण मिररला ते लावू नका. आकडा चौपटच असला तरी कारण वेगळं आहे, आणि इथे चारने भागणं महागात पडेल.

मिररचा लेआउट बरोबर आहे. चूक हाताने लिहिलेल्या नेटलिस्टमध्ये आहे. पीडीकेच्या सेटअप फाइलमध्ये मल्ट हा पॅरामीटर काढून टाकलेला असतो, नेटजेन तो बघतच नाही. समांतर डिव्हाइस किती, हे त्याला एम वरून कळतं. एक्सस्कीम नेटलिस्ट लिहिताना मल्ट आणि एम दोन्ही लिहितो, म्हणून तुमचं सिम्युलेशन बरोबर आलं. स्कायवॉटरच्या मॉडेलमध्ये मल्टचा उपयोग मिसमॅचच्या (सारख्या ट्रान्झिस्टरमधल्या फरकाच्या) गणितात होतो, करंट त्याने वाढत नाही. मित्राची नेटलिस्ट एनजीस्पाइस सिम्युलेटरमध्ये चालवून बघा, १० च मायक्रोअँप येतील.

आता लेआउट चारने भागला असता तर? ०.५ चे चार ट्रान्झिस्टर, बेरीज २, एलव्हीएस हिरवं. आणि चिप आल्यावर मिररमधून ४० ऐवजी १० मायक्रोअँप. एलव्हीएस फक्त दोन नेटलिस्ट एकमेकींशी ताडून बघतं. त्यातली बरोबर कुठली हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून प्रॉपर्टी एरर आली की ज्यावर सिम्युलेशन केलंय ती बाजू प्रमाण मानायची. बायस ब्लॉकची नेटलिस्टही एक्सस्कीममधूनच काढा.

धागाकर्ता

टेलची विड्थ २ केली, नेटलिस्ट एक्सस्कीममधून काढली. दोन्ही एरर गेल्या. मित्राची नेटलिस्ट चालवली, खरंच १० आले.

आता एक नवीनच उगवलीय, बहुधा आधी वरच्या गोंधळात लक्ष गेलं नसावं: स्टार्टअप सर्किटमधला छोटा एनफेट, डब्ल्यू ०.४२५ विरुद्ध ०.४२, डेल्टा १.१८%. एवढ्यासाठी तरी टॉलरन्स २% करू का?

प्रतिसाद २

नको. या प्रोसेसची ग्रिड (लेआउटमधली किमान पायरी) ५ नॅनोमीटरची आहे, म्हणजे डिफ्यूजनची कड बरोबर एक ग्रिड सरकलीय. छोट्या ट्रान्झिस्टरवर एका ग्रिडचे एक टक्क्याहून जास्त होतात, तेच मोठ्यावर दिसलंही नसतं. जनरेटरमधून काढलेल्या डिव्हाइसवर नंतर हाताने रंगवलं असेल तर असं होतं. तो सेल पुसून जनरेटरने पुन्हा काढा. स्टार्टअपला एक-सव्वा टक्क्याने काही बिघडणार नाही हे मान्य, पण टॉलरन्स त्या सगळ्या एनफेटना लागू होतो, तुमच्या इनपुट जोडीलासुद्धा.

आणि एरिया, पेरिमीटर जुळतात का म्हणून शोधत बसू नका. ते सेटअप फाइलच वगळते. ते परिणाम पोस्ट-लेआउट सिम्युलेशनमध्ये बघा.