भावाच्या मणक्याला मार लागलाय, स्टेम सेल करावी का?

कलमवाला:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय २६, मे महिन्यात झेल्याने आंबे काढताना फांदी मोडून खाली आला. डी १२ मणका (छातीमागचा सगळ्यात खालचा) फुटला, लगेच रॉड-स्क्रू टाकून ऑपरेशन झालं पण कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही, लघवीला कॅथेटर आहे. डिस्चार्ज कार्डवर एएसआयए ग्रेड ए लिहिलंय, म्हणजे मज्जारज्जूच्या इजेच्या ए ते ई श्रेणींतली सगळ्यात गंभीर. सर्जन म्हणाले फिजिओ चालू ठेवा, वाट बघा, त्यापुढे काही बोलले नाहीत. आता नात्यातल्या एकांनी शहरातल्या एका सेंटरचा नंबर दिला, फोन केला तर ते म्हणतात कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून त्यातल्या स्टेम सेल (मूळ पेशी) पाठीत सोडायच्या, तीन सिटिंग, साडेपाच लाख, आणि जितका उशीर कराल तितका रिझल्ट कमी. व्हॉट्सॅपवर व्हिडिओ पाठवलेत, एक मुलगा पॅरलल बार धरून चालतोय, ते बघून आई रडायलाच लागली आणि बाबा सगळी कलमं कराराने द्यायला निघालेत. भाऊ काहीच बोलत नाही, नुसता तो व्हिडिओ परत परत बघतो. कुणी केलंय का, फरक पडतो का, जे खरं असेल ते सांगा.

फिजिओ_ताई:
दादा, तो व्हिडिओ परत लावा आणि मुलाच्या चेहऱ्याकडे नको, गुडघ्यांकडे बघा. पँटच्या आत मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचे ताठ आधार, आहेत का, गुडघा लॉक केल्यासारखा ताठ आहे का. डी १२ च्या पेशंटचे हात आणि छाती शाबूत असतात, कॅलिपर लावून हातांच्या जोरावर तो बारमध्ये उभा राहतो, कंबर उचलून पाय पुढे टाकतो, हे आम्ही रिहॅबमध्ये नेहमी करून घेतो, त्यासाठी एकही स्टेम सेल लागत नाही. नीट व्यायाम झाला तर तुमचा भाऊसुद्धा असा उभा राहू शकेल.

दुसरं म्हणजे ही घाई. मार लागल्यावर सुरुवातीला स्पायनल शॉक असतो, म्हणजे मज्जारज्जू काही काळ बधिर पडतो, तेव्हा खरं नुकसान किती ते कळतच नाही, आणि नंतरचे काही महिने मज्जारज्जू स्वतःहून थोडाफार सावरत असतो. ए ग्रेडचे काही पेशंट वर्षभरात बी किंवा सीला जातात, कसलंही इंजेक्शन न घेता. नेमकं त्याच काळात सुई टोचली की जे काही परत येईल ते सुईच्या नावावर जमा होतं. म्हणून आधी एएसआयए तपासणी पुन्हा करून घ्या, आणि गुदद्वाराजवळ स्पर्श, दाब कळतो का ते नीट बघायला सांगा, ए की बी ते तिथे ठरतं. घाईत बऱ्याचदा ते राहून जातं.

आणि २०१७ ची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) गाइडलाइन स्पष्ट आहे, रक्ताच्या आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे सोडलं तर स्टेम सेल उपचार म्हणून विकता येत नाहीत, फक्त नोंदणी झालेल्या ट्रायलमध्ये देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. साडेपाच लाख मागितले तिथेच उत्तर मिळालं तुम्हाला.

सातारी_बाणा:
ताई, तुमचा अनुभव मोठा आहे मान्य, पण गाइडलाइन लिहिणारे सगळे स्वतःच्या पायावर चालत घरी जातात हो. माझा मेव्हणा कित्येक वर्षं पलंगावर आहे, त्याला प्रत्येक डॉक्टरने 'वाट बघा' एवढंच सांगितलं. कशाची वाट? जपानने २०१८ सालीच मणक्यासाठी स्टेम सेलला मंजुरी दिलीय, तिथली माणसं काय वेगळ्या मातीची आहेत का. ज्याचं शरीर आहे त्याला सगळं समजावून सांगा आणि मग निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. ज्याच्याकडे गमवायला काही उरलंच नाही त्याला नियम दाखवून थांबवणं मला तरी क्रूर वाटतं.

तोक्योतून:
मी इथे सेल बायॉलॉजीमध्ये काम करते, जपानचं नाव आलं म्हणून लिहिते. २०१८ ची मंजुरी खरी आहे, स्टेमिरॅक नाव, साप्पोरोच्या मेडिकल युनिव्हर्सिटीने काढलेली. पण ती सशर्त आणि मुदतीची होती, आणि अभ्यास होता फक्त १३ पेशंटचा. १२ जण निदान एक ग्रेड वर गेले हे ऐकायला फार मोठं वाटतं, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, सगळे ताज्या इजेचे, म्हणजे फिजिओ ताई म्हणतात तेच, आपोआप सुधारले किती आणि पेशींमुळे किती हे वेगळं काढायला मार्गच नाही. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच यावर टीका केली होती. शिवाय त्यातही बोन मॅरो इजा झाल्यापासून ३१ दिवसांच्या आत काढावा लागतो, जुन्या इजेला ते नाहीच.

मला स्वतःला जास्त आशा वाटते ती केओ युनिव्हर्सिटीच्या कामाबद्दल. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांना ज्या आयपीएस पेशींसाठी (प्रौढ माणसाच्या साध्या पेशींपासून बनवलेल्या मूळ पेशी) २०१२ चं नोबेल मिळालं त्यांपासून मज्जासंस्थेच्या पेशी बनवून ओकानो आणि नाकामुरा यांच्या टीमने चार जणांच्या मणक्यात सोडल्या, पहिलं ऑपरेशन डिसेंबर २०२१ मध्ये. चौघेही ए ग्रेडचे, इजा दोन ते चार आठवड्यांची. मार्च २०२५ मध्ये निकाल सांगितला, एक जण डीपर्यंत गेला, आधाराशिवाय उभा राहतो आणि चालायचा सराव करतोय, दुसरा सीला, उरलेल्या दोघांच्या ग्रेडमध्ये फरक नाही. आनंद मलाही झाला, पण चार म्हणजे चारच, आणि इथेही तुलनेचा गट नव्हता. या पेशी गाठ तर करणार नाहीत ना हे तपासण्यातच कितीतरी वर्षं गेलीत, आणि बोन मॅरो काढून तसाच टोचणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, नाव फक्त एक.

सातारी दादा, तुमची तळमळ कळते पण 'गमवायला काही नाही' हे खरं नाही. पोर्तुगालमध्ये नाकातल्या आवरणाच्या पेशी मणक्यात घातलेल्या एका मुलीची केस २०१४ मध्ये छापून आली. पायात फरक पडला नाहीच, आणि आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली तेव्हा आत नाकासारखं टिश्यू वाढून चिकट शेंबूड भरलेली गाठ निघाली. पेशी जिवंत असतात, गोळीसारख्या बंद करता येत नाहीत. समजावून सांगून संमती घ्या म्हणता, पण सांगणारा स्वतःच विकणारा असेल तर हे त्या माणसाला कोण सांगणार?

चाकावरची_वारी:
मी स्वतः पॅराप्लेजिक, म्हणजे दोन्ही पाय लुळे, डी १०, बऱ्याच वर्षांपूर्वीचा बाइक अपघात. भावाला हे वाचून दाखवा. आशा सोडू नकोस, मीही सोडलेली नाही, केओची बातमी मी पण मध्यरात्री जागून वाचलीय. पण उद्या खरी ट्रायल आली तर घेणार कुणाला? ज्याचे सांधे आखडलेले नाहीत, किडनी चांगली आहे, बेडसोअर नाही त्याला. आणि आधी कुठेतरी स्टेम सेल टोचून घेतलेल्यांना बऱ्याच ट्रायलमध्ये घेतच नाहीत, कारण मग कशाचा परिणाम कशामुळे ते कळत नाही. साडेपाच लाख देऊन तू खऱ्या रांगेतून बाहेर पडशील रे.

त्यापेक्षा मापाची हलकी व्हीलचेअर, बरी कुशन, घराला रॅम्प, व्हीलचेअर आत जाईल असं संडास-बाथरूमचं दार, दिव्यांग प्रमाणपत्र, पुढे साइड व्हील लावलेली स्कूटर. कॅथेटर कायम ठेवायचा की दिवसातून ठरावीक वेळा स्वतः घालून काढायचा, हे यूरॉलॉजिस्टला विचार, माझं घराबाहेर पडणं त्यामुळे शक्य झालं. हाजीअलीच्या सरकारी रिहॅब इन्स्टिट्यूटमध्ये एकदा दाखवून या.

कलमवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिडिओ परत बघितला, गुडघा वाकतच नाही त्या मुलाचा, भावालाही दाखवलं. सेंटरला फोन करून सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा) मागितला तर म्हणाले तो रिसर्चवाल्यांना लागतो, आमची थेरपी आहे. बाबा करार पुढे ढकलतायत पण आई अजून नाराज आहे, तिला मी काय सांगू ते कळत नाही. अजून एक, माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसतोय, तेल लावून चोळू का?

फिजिओ_ताई:
चोळू नका!! दाबून बघा, बोट काढल्यावर लाली पांढरी होत नसेल तर आतून बेडसोअरची सुरुवात झालीय, आजच डॉक्टरांना दाखवा. डाग जाईपर्यंत त्या जागेवर अजिबात भार नको, कुशीवर झोपवा, रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदला, मध्ये भोक असलेली रबरी रिंग वापरू नका, एअर मॅट्रेस मिळते का बघा. आईंना हे काम द्या, रोज सकाळ-संध्याकाळ आरसा धरून पाठ, कुल्ले, टाचा तपासायच्या. आणि डागाचं उद्या इथे नक्की कळवा.