केबलमध्ये फर्मवेअर कशाला?

बिनतारी: केबल म्हणजे तांबं आणि वर प्लास्टिक, हा समज आता सोडायला हवा. आता प्लगात चिप असते, आणि त्या चिपमध्ये कायमचा भरलेला कोड, म्हणजे फर्मवेअर. २०११ च्या ॲपलच्या थंडरबोल्ट (वेगवान डेटाच्या) केबलमध्ये दोन्ही टोकांच्या प्लगात चिप होत्या. २०१२ मध्ये आयफोनचं लाइटनिंग आलं, त्यात केबल ॲपलची मान्यताप्राप्त आहे का हे पाहणारी चिप. २०१३ मध्ये पॅनिक या सॉफ्टवेअर कंपनीने लाइटनिंगचं एचडीएमआय (टीव्हीला जोडायचं) अडॅप्टर कापून पाहिलं, तर आत एआरएम प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम! (एकेकाळी अख्खे कॉम्प्युटर याहून कमी रॅमवर चालायचे.) माझं म्हणणं, केबलला डोकं नको. जो कोड दिसत नाही, तो माझ्या मशीनला का जोडू?

फ्यूजतार: साफ असहमत. यूएसबी-सीमधून आता २४० वॅट जाऊ शकतात, ४८ व्होल्टवर ५ अँपिअर. केबल ५ अँपिअर झेपणारी आहे की ३, हे चार्जरला कोण सांगणार? केबलच्या प्लगातली ई-मार्कर चिप सांगते. ती नसेल तर चार्जर ३ वरच थांबतो. २०१६ मध्ये गूगलचे इंजिनियर बेन्सन ल्युंग केबली तपासत होते, तेव्हा एका केबलने त्यांचा लॅपटॉप बाद केला. तिथे दोष कुठल्या चिपचा नव्हता. पॉवर आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या, वर रेझिस्टरही चुकीचा.

बिनतारी: ई-मार्करला माझी हरकत नाही, विचारलं तेवढं सांगतो. पण पाटी लावणं वेगळं, कुलूप लावणं वेगळं. २०१४ चं एफटीडीआय या चिप कंपनीचं प्रकरण घ्या. यूएसबी-सिरीयल केबलींमध्ये (जुन्या सिरीयल पोर्टची उपकरणं यूएसबीला जोडणाऱ्या) त्यांच्या चिपच्या नकला सर्रास असायच्या. विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने त्या नकली चिपचा प्रॉडक्ट आयडी, म्हणजे कॉम्प्युटर ज्यावरून वस्तू ओळखतो तो क्रमांक, शून्य करून टाकला. केबल मेली. नकली चिप बनवली कोणी, शिक्षा कोणाला?

मधलाच: पाटीही खोटी असू शकते हो. ३ अँपिअरच्या तारेवर '५ अँपिअर' सांगणारा ई-मार्कर बसवला, तर चार्जर बिचारा विश्वास ठेवणार.

फ्यूजतार: म्हणूनच तर चिपमध्ये ओळख पटवणारी डिजिटल सही हवी! यूएसबीच्या संघटनेने २०१६ मध्येच टाइप-सीसाठी तसं स्पेसिफिकेशन जाहीर केलं. आणि ओ.एमजी नावाची हॅकिंगची केबल विसरलात का? दिसायला साधी, आत वायफायवाली चिप, कॉम्प्युटरपुढे ती स्वतःला कीबोर्ड म्हणवते आणि हल्लेखोराला हवं ते टाइप करते. तुम्ही चिपवर बंदी घाला, हल्लेखोर थोडाच पाळणार आहे?

बिनतारी: नाहीच पाळणार. पण तुमची सही तरी त्याला कुठे अडवते? अस्सल सहीवाल्या प्लगात शेजारी आणखी एक चिप घुसवली की झालं. अडवायचं तर कॉम्प्युटरनेच अडवावं. नवा कीबोर्ड आला की आधी विचारायचं. २०२२ च्या मॅकओएस व्हेंचुरापासून ॲपल सिलिकॉनवाले (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचे) लॅपटॉप नवी यूएसबी वस्तू जोडली की परवानगी मागतात. त्यासाठी केबलमध्ये एकही चिप लागत नाही.

फ्यूजतार: आणि लोक न वाचता 'परवानगी द्या' दाबतात. शिवाय तुमच्या त्या विचारण्याने ३ अँपिअरची तार ५ ची होत नाही. मधलाच यांच्या मुद्द्याचं काय ते सांगा.